लेकरांसाठी काय ठेवावे?



सज्जनहो,

गेल्या माघात मावळातल्या एका लहान गावी सप्ताहासाठी जाणे झाले. गाव कार्ल्याच्या खोऱ्यातले, डोंगराच्या कुशीला लागून. काल्याचे कीर्तन झाले, प्रसाद झाला, पंगती उठल्या, टाळकरी आपापल्या वाटेला लागले. एक म्हातारे माळकरी मात्र मंडपाच्या खांबाला टेकून तसेच बसून होते. वय पंच्याहत्तरीच्या पुढचे. मी निघालो तसे ते उठले आणि पाया पडले. मीही त्यांच्या पाया पडलो. आपल्यात रीतच ती.

“माऊली, एक इचारू का?”

“विचारा की बाबा.”

“वर डोंगरात माझं पाच एकर वरकस रान हाय. आज्ज्यानं तिथं नाचणी केली, वरी केली. आता कोण करतंय? नुस्ती झाडं वाढल्यात. जांभळी हायती, हिरडं हायती. खाली एक झरा हाय, तो जेठातबी आटत न्हाई. दलाल रोज दारात येतोय. बंगल्याचं प्लॉट पाडायचं म्हणतोय. पोरं म्हणत्यात, द्या. तुमी मगाशी त्याग सांगितला. मग मला सांगा, मी लेकरांसाठी काय ठिवू? पैका का झरा?”

सज्जनहो, खरे सांगतो, मला उत्तर सुचले नाही. दीड तास मी वैराग्य सांगितले होते, लोकांनी माना डोलावल्या होत्या. पण वैराग्य सांगायला सोपे असते, कारण ते दुसऱ्याच्या जमिनीवर सांगायचे असते. इथे एक माणूस आपली स्वतःची पाच एकर पुढे ठेवून विचारीत होता. मी म्हणालो, “बाबा, मला थोडे दिवस द्या.” त्या दिवसांत जे मनन झाले ते आज आपणापुढे ठेवीत आहे. म्हाताऱ्याचा प्रश्न एकट्याचा नाही. मावळात घरोघरी तो आज निघतो आहे.

पहिली गोष्ट ही की, पोरांना नावे ठेवू नयेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला आणि लोणावळ्याच्या आसपासच्या खडकालाही भाव आला. ज्या वरकसाला पूर्वी कोणी विचारीत नव्हते त्याला आज गिऱ्हाईक दारात उभे आहे. घरात कर्ज असते, नातवंडांची शाळा असते, दवाखाना असतो. पोटाला लागणारे विकले तर त्यात पाप नाही. परंतु आपण डोळ्यांनी पाहिले आहे ना? जमिनीचे पैसे आले, दारात गाडी आली, लग्न पाच हजार पानांचे झाले, आणि दहा वर्षांनी तोच मुलगा आपल्याच बापाच्या डोंगरावरच्या बंगल्यात राखणदार म्हणून उभा राहिला. पैसा वाईट नव्हे, पण त्याचा पाय चंचल आहे. तो आपल्या घरी मुक्कामाला येतो, राहायला येत नाही.

मग राहणारे काय आहे? पाहा बरे, याचे उत्तर मावळाने फार जुन्या काळी दगडावर लिहून ठेवले आहे.

आपण एकवीरा आईच्या दर्शनाला कार्ल्याला जातो. आईच्या शेजारी लेणे आहे. लेकरांना घोडे-हत्ती दाखवून आपण परततो. पण त्या लेण्यात शिलालेख आहेत, आणि ते बहुतेक सगळे दानाचे आहेत. कुणा सेठाने दिले, कुणा सुताराने दिले, कुणा सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याने दिले. त्यातच सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा एक लेख आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने वलूरक म्हणजे या लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव दिले. पुढे काय झाले? नहपानाचे राज्य सातवाहनांनी बुडविले. शत्रूचे राज्य गेले म्हणजे शत्रूचे दानही जाणार, असे आपल्याला वाटेल. परंतु त्याच लेण्यात सातवाहन राजाची आज्ञा कोरलेली आहे, आणि ती ‘मामाल’ येथील अधिकाऱ्याला उद्देशून आहे: हे गाव लेण्यातील साधूंना दिले आहे, ते त्यांच्याकडेच राहावे. हे मामाल म्हणजेच आपले मावळ, असे विद्वान सांगतात.

म्हणजे बघा, मावळाचे नाव जिथे इतके जुने कोरलेले सापडते, तिथे ते जमिनीच्या दानाबरोबर सापडते! आणि देणारा व राखणारा हे एकमेकांचे वैरी. राज्य घेतले, पण दान घेतले नाही. यातून आपण पहिला बोध घ्यावा तो असा, की नीट दिलेले दान देणाऱ्याच्या वंशावर अवलंबून राहत नाही. ते चांगल्या माणसाच्या हाती आपोआप सोपवले जाते, मग तो माणूस परका का असेना.

राजांची गोष्ट सोडा. गरिबांनीही जमीन दिली, आणि ती देवराईच्या रूपाने दिली. मावळात, मुळशीत, कोकणात गावोगावी वाघजाईची, काळकाईची, भैरोबाची राई होती आणि कित्येक ठिकाणी अजून आहे. पवनेच्या बाजूला आजिवलीची देवराई उंच उंच भेरली माडांसाठी जाणत्यांना ठाऊक आहे. अशा राईत कुऱ्हाड न्यायची नाही, वाळकी काटकी आणायची नाही, हा नेम. हे दान कोणी केले त्याचे नाव नाही, कागद नाही. गावाने आपल्या वाट्यातला एक तुकडा देवाच्या नावे सोडला आणि देवाने तो झऱ्याच्या रूपाने गावाला परत दिला. कोकणात श्रीवर्धन तालुक्यात गाणी नावाचे गाव आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी तिथली काळकाईची राई तोडण्याची वेळ आली, तेव्हा गावकऱ्यांनी वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांना कळविले: राई वाचवा, कारण आमचा बारमाही ओढा तिच्यातूनच येतो. वर्तक आणि माधव गाडगीळ या दोघांनी पुढे सह्याद्रीतल्या देवरायांवर लिहिले, ते जगभर वाचले गेले. पण पत्र लिहिणाऱ्या त्या अडाणी म्हणविणाऱ्या लोकांना ते आधीच माहीत होते.

झाड पाणी कसे राखते हे समजून घेण्यासारखे आहे. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. इतका पाऊस, आणि तरी चैत्र-वैशाखात वरच्या वाड्यांतल्या बाया हंडे घेऊन पायपीट करतात! असे का? कारण उघड्या उतारावरचे पाणी थांबत नाही. ते माती घेऊन पळते, आणि ती माती खालच्या भातखाचरात नाहीतर धरणाच्या पोटात जाऊन बसते. झाड असेल तर पाऊस आधी पानावर पडतो, मग पाचोळ्यावर, मग मुळांच्या वाटेने जमिनीत मुरतो आणि सहा महिन्यांनी झऱ्यातून हळूहळू बाहेर येतो. डोंगर म्हणजे पाण्याचे कोठार आहे आणि झाड त्याचे दार आहे. उतार यंत्राने सपाट केला, प्लॉटला कुंपण घातले आणि मधोमध बोअर मारली, म्हणजे दार मोडले आणि कोठार लुटले.

छत्रपतींच्या राज्याची नीती सांगणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात अठराव्या शतकाच्या आरंभी असे बजावले आहे, की आरमाराला लाकूड लागले तरी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये. ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरासारखी वाढविलेली असतात. पाहा, राज्यकर्त्यालाही झाड म्हणजे रयतेचे लेकरू वाटले. मग लेकरांसाठी लेकरे ठेवावीत की नाही?

इथे कोणी म्हणेल, महाराज, मग सगळ्यांनी आपापल्या जमिनी देऊन टाकाव्या काय? तसे माझे म्हणणे नाही. याबाबतीत आपल्याला तुकोबारायांच्याच घराकडे पाहावे लागेल.

१६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. घरात अन्न नाही, पत्नी गेली, गुरे गेली, व्यापार बुडाला. पुढे तुकोबांनी सावकारीची खते बाहेर काढली. लोकांकडून येणे असलेले ते कागद इंद्रायणीच्या डोहात सोडले, ही कथा आपण सगळेच सांगतो. पण त्या कथेतला एक भाग घाईघाईत निसटून जातो. तुकोबांनी सगळी खते बुडविली नाहीत. आधी निम्मी धाकटा भाऊ कान्होबा याला दिली. ‘तुझा वाटा तू घे’ असे म्हटले. मग जो स्वतःचा वाटा उरला तेवढाच पाण्याला दिला. केवढे मर्म आहे यात! वैराग्य आपल्या वाट्याचे असते, दुसऱ्याच्या वाट्याचे नसते. भावाचा हक्क मोडून केलेला त्याग हा त्याग नव्हे, ती चोरी होते. आणि ज्या बापाने लेकरांना उपाशी ठेवून मंदिराला कळस चढविला त्याचा कळस देवाला रुचत नाही.

म्हणून पहिला नेम असा: आपल्या वाट्याचे द्यावे, आणि घरच्यांना विचारून द्यावे.

दुसरा नेम आपल्याला विनोबांच्या भूदानाने शिकविला. विनोबांचे जन्मगाव गागोदे मावळच्या घाटाखालीच, पेण तालुक्यात. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी भूमिहीन दलितांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी सभेत विचारले आणि रामचंद्र रेड्डी उभे राहून १०० एकर देतो म्हणाले. तिथून जी गंगा वाहिली तिच्यात देशभरातून चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन जमा झाली. १९५८ साली विनोबा चालत चालत पंढरीला आले आणि निरनिराळ्या धर्मांच्या सोबत्यांसह विठुरायाला भेटले. असा महात्मा, एवढे दान. परंतु त्यातली पुष्कळ जमीन गरिबाच्या हाती पोहोचलीच नाही. काही खडकाळ निघाली, काही भांडणात अडकली, आणि काही ठिकाणी बापाने दिलेला शब्द मुलांनी मानला नाही. भावना सोन्याची होती, कागद कच्चा राहिला. कार्ल्याचे दान कातळात कोरले म्हणून ते आजही वाचता येते. देवराईला कागद नव्हता, पण कोप होईल या धाकाने ती राखली. आता तो धाकही उरला नाही. म्हणून दुसरा नेम असा: दान पक्के करावे.

पक्के म्हणजे कसे? कीर्तनकाराने कायदा सांगू नये असे कोणी म्हणेल, पण प्रपंच नेटका केल्याशिवाय परमार्थ होत नाही असेच आपले संत सांगतात. आधी सातबारा काढून पाहावा, जमिनीवर कोणाकोणाची नावे आहेत ते पाहावे. जमीन वडिलोपार्जित असेल तर मुलांचा तिच्यात जन्मापासून हक्क असतो, आणि २००५ पासून मुलींचाही तेवढाच. लेकीला न विचारता वाटणी करण्याचे दिवस गेले, आणि ते गेले हे बरेच झाले. आपल्या वाट्याचे मृत्युपत्र करता येते. त्याला दोन साक्षीदार लागतात, आणि नोंदणी सक्तीची नसली तरी केलेली बरी. जिवंतपणी द्यायचे तर बक्षीसपत्र. ते मात्र नोंदवावेच लागते आणि घेणाऱ्याने ते दात्याच्या हयातीत स्वीकारावे लागते. शेतजमीन शेतकरी नसलेल्या माणसाला किंवा संस्थेला देताना कूळकायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. हे सर्व जाणत्या वकिलाला विचारूनच करावे.

मालकी न सोडताही रान राखता येते, हेही पुष्कळांना माहीत नसते. वन्यजीव कायद्यात २००२ साली दुरुस्ती झाली. तिच्याप्रमाणे एखाद्याने किंवा गावाने स्वखुशीने आपली जमीन राखण्याचे ठरविले तर सरकार तिला सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून जाहीर करू शकते. मग तिचा वापर सहजासहजी बदलता येत नाही. सिंधुदुर्गात बांबर्डे गावच्या देवराईत रान जायफळाची एक दलदल आहे, जेमतेम अडीच हेक्टरांची. २०२१ साली शासनाने तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केले. देवाची राई सरकारदरबारी ‘वारसा’ ठरली! आणि गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गोंड गावाने तर २०१३ साली ग्रामदान कायद्याखाली सगळ्या गावाची जमीन ग्रामसभेकडे सोपविली. कसणारा तोच राहिला, पीक त्याचेच राहिले; पण बाहेरच्याने येऊन तुकडा उचलून न्यावा ही वाट बंद झाली. जे गोंडवनातल्या बांधवांना सुचले ते ज्ञानोबा-तुकोबांच्या मावळाला सुचू नये काय?

आता दानाचा तिसरा नेम, आणि तो भगवंताने सांगितला आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दान तीन प्रकारचे सांगितले. परत काही मिळावे म्हणून दिलेले, किंवा मन कष्टी करून दिलेले, ते राजस. अवमान करून, भलत्या ठिकाणी दिलेले, ते तामस. आणि देणे हे आपले कर्तव्य म्हणून, योग्य देश, काळ आणि पात्र पाहून, जो उलट उपकार करू शकणार नाही त्याला दिलेले, ते सात्त्विक. माऊलींनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरीत हे सगळे उलगडून सांगितले आहे.

हे आपल्या म्हाताऱ्याच्या पाच एकरांना लावून पाहू. देश कोणता? जिथे पाणी उगवते तो डोंगरमाथा, यापेक्षा पवित्र देश कोणता असेल? काळ कोणता? हातपाय चालतात, शुद्ध आहे, मुले समोर बसून ऐकतात तो. खाटेला खिळल्यावर केलेले दान हे मृत्यूने हिसकावून घेतलेले असते. आणि पात्र कोण? झऱ्यावर येणारे पाखरू, भेकर, खालच्या वाडीची पाणी भरणारी बाई, आणि अजून जन्मालाही न आलेले पतवंड. यातले कोणी आपल्या नावाची पाटी लावील काय? सत्कारात शाल देईल काय? म्हणूनच हे पात्र उत्तम. आम्ही सप्ताहाला देतो, अन्नदानाला देतो, मंडपाला देतो, पावती घेतो, नाव पुकारले की सुखावतो. ते देणे चालू राहो. पण जिथे नाव पुकारले जात नाही अशा जागीही थोडे द्यावे. विठुरायाच्या वहीत तीच रक्कम जमा होते.

एवढे मनन करून मी चैत्रात पुन्हा त्या गावी गेलो. म्हाताऱ्याच्या ओटीवर बसलो. दोन मुलगे होते, मुद्दाम बोलावलेली लेकही होती. मी काही प्रवचन केले नाही. खतांच्या वाटणीची तेवढी गोष्ट सांगितली. थोरला गप्प होता. मग म्हणाला, “महाराज, डोंगराचं समदं पटतंय. पण धाकट्याचं कर्ज कोण फेडणार?” प्रश्न खरा होता. त्यावर तिघांची बोलणी झाली, आवाज चढले, म्हातारी आत डोळे पुसत होती. शेवटी लेक म्हणाली, “रस्त्याकडंचं अर्धा एकर इका आन कर्ज फेडा. त्यातला माझा वाटा मला नगं. पण झऱ्याचं रान इकायचं न्हाई. लहानपणी मी तिथनंच पाणी आणलंय.”

सज्जनहो, निकाल अजून पुरा लागलेला नाही. धाकट्याचे मन डळमळते, कागदांना वेळ लागतो, आणि दलालाने येणे सोडलेले नाही. दान हे एका दिवसात होत नाही; घरच्या माणसांची मने वळायला जेवढा वेळ लागेल तेवढा द्यावाच लागतो. पण म्हातारा मात्र हलका झाला होता. मला हाताला धरून झऱ्यावर घेऊन गेला. जांभळीच्या मुळाशी बोटभर धार. ओंजळभर प्यालो. मी विचारले, “बाबा, हे पाणी जाते कुठे?”

“ह्ये खाली वढ्याला. वढा इंद्रायणीला.”

म्हणजे लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगवून येणारी आपली इंद्रायणी या झऱ्याला पोटात घेते, देहूला तुकोबांच्या पायाला लागते, आळंदीला माऊलींच्या पायऱ्या धुते, तुळापूरला भीमेला मिळते, आणि उजनीचे धरण ओलांडून पंढरीत चंद्रभागा होते. आज आळंदीत हीच इंद्रायणी कित्येकदा पांढऱ्या फेसाने भरलेली आपण पाहतो आणि हळहळतो. शहरांची घाण तिच्यात जाते, ती थांबविलीच पाहिजे. पण वरून स्वच्छ धारच आली नाही, तर खाली धुवायला पाणी तरी कोठून आणणार?

मी म्हणालो, “बाबा, तुमचे गुडघे दुखतात. पुढे मागे वारी चुकेल. पण हा झरा राखलात तर तुमचे पाणी दरसाल पंढरीला जाईल. तुम्ही नसाल तेव्हाही जाईल.”

म्हाताऱ्याने हात जोडले आणि झऱ्यालाच नमस्कार केला.

विश्वंभरबाबांनी आपल्या वंशजांना वारी ठेवली. त्या घरात तुकोबा जन्मले. तुकोबांच्या मागे नारायणबाबांनी १६८५ पासून पालखी सुरू केली आणि सगळ्या महाराष्ट्राला वारी ठेवली. त्यांच्या घरची भांडीकुंडी, गायीगुरे कोणाला आठवतात? राहिली ती वारी. तसा वारसा आपल्यालाही ठेवता येतो. ज्याच्यापाशी डोंगर आहे त्याने डोंगराचा तुकडा राखावा, ज्याच्यापाशी चार झाडे आहेत त्याने ती राखावी, ज्याच्यापाशी काहीच नाही त्याने गावच्या राईत कुऱ्हाड नेणाऱ्याचा हात धरावा. लेकरांच्या पोटापुरते त्यांना द्यावे, आणि त्यांच्या तहानेपुरते डोंगरावर ठेवावे.

रामकृष्ण हरि.